कमी धोक्याचा माणूस

माझी नोकरी नेमकी कसली, हे मी आईला कधीच धड सांगू शकले नाही. आम्ही कुंभकोणमचे मराठी लोक. तंजावरच्या दरबाराबरोबर आलेले आणि दरबार गेल्यावर इथेच राहिलेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. आमची मराठी इतकी जुन्या वळणाची, की पहिल्यांदा पुण्याला गेले तेव्हा रिक्षावाला वळून माझ्याकडे बघतच राहिला होता. सोवळं, सोयरीक, बाळंतपण, आजारपण, सगळ्याला त्या मराठीत शब्द आहेत. माझ्या कामाला नव्हते.

आई विचारायची, "त्या दवाखान्यांत तूं दिवसभर करतेस काय गे?"

"माणसांशी बोलतें."

"कसलीं माणसें?"

इथे मी विषय बदलायची. आता आई नाही आणि मीही निवृत्त झाले आहे. तेव्हा तिला जे सांगितलं नाही ते इथे सांगते.

ऐंशीनंतरच्या दशकात मी कुंभकोणममधल्या एका मानसोपचार डॉक्टरांकडे मानसशास्त्रज्ञ म्हणून लागले. औषधं डॉक्टर द्यायचे. माणसाच्या चाचण्या घेणं, त्याच्याशी बोलणं आणि अहवाल लिहिणं हे माझं काम. बहुतेक रुग्ण उदास झालेले, घाबरलेले, झोप उडालेले असत. पण महिन्यातून एखादा माणूस वेगळा यायचा. त्याच्या हातात कोर्टाचा कागद असायचा आणि शेजारी प्रोबेशन ऑफिसर अरुळप्पन. त्या माणसाने कुठल्यातरी बाईवर हात टाकलेला असायचा. त्याला तुरुंगात पाठवायचं की देखरेखीखाली सोडून उपचार द्यायचे, हे ठरवण्याआधी मॅजिस्ट्रेट आमचं मत मागायचे. म्हणजे माझं मत. डॉक्टर सही करायचे, लिहायची मी.

लोकांना वाटतं, मानसशास्त्रज्ञ डोळ्यांत बघून मन ओळखतो. तसं काही नसतं. आमच्याकडे एका पत्र्याच्या पेटीत साहित्य असायचं. शाईच्या डागांची दहा कार्डं: माणसाने बघायचं आणि काय दिसतं ते सांगायचं. माणसांची धूसर चित्रं: त्यांवरून गोष्ट रचायची. अर्धी वाक्यं पुरी करायची, एक माणूस काढून दाखवायचा, बुद्धीची कोडी सोडवायची. परदेशात अशा गुन्हेगारांच्या शरीराला यंत्रं लावून उत्तेजना मोजतात असं मी वाचलं होतं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "आपल्याकडे दुपारी पंखा चालला तरी पुष्कळ."

पेटीवर माझा फार विश्वास होता. बंगळूरला शिकून आले होते, आणि या भागात ती कार्डं वाचता येणारी मी एकटीच होते. त्याचा ताठा होता, हे मान्य करते. एकदा एका बँकेतला कारकून आला. बसमध्ये बायकांना त्रास दिला म्हणून पकडलेला. मी कार्ड पेटीतून काढायच्या आतच तो म्हणाला, "वटवाघूळ." त्याने कुठून तरी पुस्तक मिळवून दहाही कार्डांची उत्तरं पाठ केली होती. पाचव्या कार्डाला सहाव्याचं उत्तर दिलं, मग स्वतःच चुकचुकला आणि "सॉरी, पुढचं सांगितलं" म्हणाला. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं हसून सांगायची. पाठ केलेलं उत्तर मी लगेच ओळखते, असा त्या हसण्याचा अर्थ होता.

त्यानंतर षण्मुगम आला. नाव खरं नाही. या लेखातली सगळीच नावं मी बदलली आहेत.

षण्मुगम जवळच्या स्वामीमलैचा. तिथे पंचधातूच्या मूर्ती ओतण्याचे कारखाने आहेत, त्यातल्या एकात तो मेणाचं काम करायचा. धातू ओतण्याआधी मूर्ती मेणात घडवावी लागते, आणि ते काम सगळ्यांत नाजूक. तेव्हा वय चौतीस, लग्न झालेलं, मूल नव्हतं. शेतातून परतणाऱ्या एका मजूर बाईला त्याने कालव्याच्या वाटेवर धरलं होतं. मागून बैलगाडी आली म्हणून ती सुटली. विनयभंगाचा गुन्हा शाबीत झाला होता. आधीचा काही गुन्हा नव्हता.

अरुळप्पन आदल्या दिवशी सांगून गेले होते, "मॅडम, उद्या पाठवतोय तो माणूस तुम्हाला आवडेल. कसा काय घसरला कोण जाणे."

आणि तो मला आवडला. हे लिहायला आजही जड जातं. धुतलेली पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं लुंगीसारखं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, खालचा आवाज. चार दिवस रोज सकाळी वेळेवर यायचा. कोडी भराभर सोडवली. शाईच्या डागांत त्याला मोर दिसले, दिवे दिसले, दोन पुजारी घंटा वाजवताना दिसले. माणूस काढायला सांगितलं तेव्हा म्हणाला, "अम्मा, कागदाची एक पट्टी मिळेल?" मी दिली. त्याने ती दुमडून दुमडून तिचे सारखे भाग केले. मूर्तिकार नारळाच्या पातीने माप घेतात तसं. त्या पट्टीने कागद मोजून घेतला आणि अर्ध्या तासात एक स्त्री काढली. कमरेत किंचित वळलेली, एक हात सैल सोडलेला. रेघ कुठे थरथरली नाही, कुठे खोडलं नाही. मी बघत राहिले. अहवालात लिहिलं, 'शरीराबद्दलची जाणीव प्रमाणबद्ध आणि निकोप.'

ते प्रमाण त्याच्या गुरूने त्याला दहाव्या वर्षी छडी हातात घेऊन शिकवलेलं होतं. त्यात त्याच्या मनाचं काहीच नव्हतं. सुताराने नीट पाट केला म्हणून त्याचा स्वभाव सरळ, असं म्हणण्यासारखंच ते होतं. मला ते तेव्हा कळलं नाही.

अर्ध्या वाक्यांच्या कागदावर 'बायका म्हणजे' याच्यापुढे त्याने लिहिलं, 'देवी.' 'माझी सर्वांत मोठी चूक' याच्यापुढे लिहिलं, 'त्या दिवशी त्या वाटेने जाणं.' मी त्याखाली रेघ मारून समासात लिहिलं, 'पश्चात्ताप आहे.'

तिसऱ्या दिवशी त्याची बायको शिवकामी त्याच्याबरोबर आली. तो आत बसला होता आणि ती बाहेर खांबाला टेकून उभी. मी पाणी प्यायला बाहेर आले तेव्हा ती पुढे झाली. "अम्मा, तुमच्याशी जरा बोलायचं होतं." चाचणी चालू असताना घरच्यांचं ऐकलं तर आपलं मत बिघडतं, असं मला शिकवलेलं होतं. मी म्हटलं, "सगळं संपू दे, मग बोलू." सगळं संपलं. अहवाल टाइप झाला. ती बाई माझ्या लक्षातून गेली होती.

बारा पानांच्या त्या अहवालाचा शेवट मला पाठ आहे. 'पुन्हा गुन्हा करण्याचा धोका कमी.' मॅजिस्ट्रेटनी त्याला देखरेखीवर सोडलं. महिन्यातून एकदा तो आमच्याकडे यायचा, बसायचा, सगळं ठीक म्हणायचा, नमस्कार करून जायचा. त्याला आम्ही उपचार म्हणत होतो.

अकरा महिन्यांनी एका दुपारी अरुळप्पन आले आणि खुर्चीवर न बसता दारातच उभे राहिले. "षण्मुगम," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "आजारी आहे?" त्यांनी नकारार्थी मान हलवली.

या वेळी शेजारच्या इन्नंबूर गावाजवळ. तीही शेतमजूर बाई, लावणीहून परतणारी. तिला मी पार्वती म्हणते. या वेळी बैलगाडी आली नाही. ती झुंजली, कालव्याच्या दगडी काठावरून खाली पडली आणि उजवा हात कोपरात मोडला. ओरडा ऐकून माणसं धावली तेव्हा तो चिखलात अडकलेली सायकल ओढत होता.

डॉक्टर म्हणाले, "सुभद्रा, आपण ज्योतिषी नाही. चाचणीने जे सांगितलं ते तुम्ही लिहिलंत." ते मला समजावत होते. पण चाचणीने काही सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं मी.

मी आधी स्वामीमलैला गेले, शिवकामीकडे. तिने चटई टाकली आणि समोर भिंतीशी बसली. मी विचारलं, "त्या दिवशी काय सांगणार होतीस?"

ती म्हणाली, "लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून आहे हे. दुपारी मेण घट्ट व्हायला ठेवतात आणि सायकल काढतात. मेणात मिसळायची राळ आणायला जातो म्हणतात. बायका शेतातून परततात ती वेळ. ते परत आले की मी पहिले हात बघते. ओरखडे आहेत का ते. दोनदा होते."

"हे तू मला तेव्हा सांगायला हवं होतंस," मी म्हणाले. खरंच असं म्हणाले मी.

तिचा आवाज चढला नाही. "दोन तास उभी होते की, अम्मा."

दुसऱ्या आठवड्यात अरुळप्पनना घेऊन पार्वतीच्या माहेरी गेले. सासरच्यांनी तिला तिथे पाठवून दिलं होतं. घराच्या ओट्यावर प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसलेली, बाविशी-तेविशीतली. लावणीचा हंगाम चालू होता आणि तिच्या हाताला काम नव्हतं. मी कोण ते अरुळप्पननी सांगितलं.

"तो माणूस चांगला आहे असं तुम्हीच लिहून दिलं होतं ना?" तिने विचारलं.

"चांगला नाही लिहिलं. धोका कमी आहे असं लिहिलं."

"मग?"

तीच पुढे म्हणाली, "मला पोलिसांनी एकदा विचारलं. उभ्या उभ्या. त्याला तुम्ही किती वेळ विचारत होतात?"

"चार दिवस."

"चार दिवस," ती आपल्या आईकडे वळून म्हणाली. मग मला, "काय विचारलं चार दिवस?"

मी कार्डांबद्दल सांगितलं. शाईचे डाग दाखवतो, काय दिसतं ते विचारतो. तिने नीट ऐकून घेतलं, चेष्टा केली नाही. मग विचारलं, "आणि त्या पहिल्या बाईला वाटेवर बघून काय दिसलं, ते विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. बारा पानांत त्या पहिल्या बाईबद्दल दीड ओळ होती. तिचं नावसुद्धा चुकीचं टाइप झालं होतं. पुढे मी तिचा शोध घेतला. ती गाव सोडून गेली होती, कुठे ते कुणाला माहीत नव्हतं. ती मला कधी भेटली नाही.

षण्मुगम काही वर्षं तुरुंगात गेला. त्या वर्षांत मी माझं काम उलटं केलं. ते मोठं शहाणपण होतं असं नाही. पार्वतीचा प्रश्न कानात होता म्हणून केलं. आधी पोलिसांचे कागद, बाईचा जबाब, डॉक्टरी तपासणी. मग बायको, आई, शेजारी, कारखान्याचा मुकादम. माणूस सगळ्यांत शेवटी. आणि त्याला डाग दाखवायचे नाहीत, तो दिवस विचारायचा. सकाळी उठल्यापासून तासातासाने. काय खाल्लं, कुठली वाट घेतली, ती का घेतली, कुठे थांबला, बाई किती अंतरावरून दिसली, तेव्हा मनात काय आलं, मागेपुढे कोणी आहे का ते पाहिलं का. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच सगळं. पहिल्यांदा सांगितलेलं आणि दुसऱ्यांदा सांगितलेलं समोरासमोर ठेवायचं. 'कसं घडलं कळलंच नाही' म्हणणाऱ्या माणसाला किती कळत होतं, हे असं हळूहळू बाहेर येतं. तो स्वतःला काय सांगून परवानगी देतो, ते ऐकू येतं: तिने हसून पाहिलं. ती ओरडली नाही. सगळेच करतात. उपचार करायचा तो या वाक्यांवर. आणि अहवालाच्या शेवटी मी एक नवीन भाग घातला, 'मला जे कळू शकलं नाही ते.' मॅजिस्ट्रेटना तो आवडायचा नाही. एकांनी विचारलं होतं, "बाई, तुम्हालाच माहीत नसेल तर मी कुणाला विचारू?"

नव्वदनंतर षण्मुगम सुटून आला. अरुळप्पन निवृत्तीला आले होते, तेच त्याला घेऊन आले. केस पांढरे झालेले, विभूती तशीच. कारखान्याने पुन्हा कामावर घेतलं होतं. मेणाच्या कामात तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. दर मंगळवारी सकाळी यायचं ठरलं.

पहिल्या दिवशी मी पार्वतीचा जबाब त्याला वाचून दाखवला. तो जमिनीकडे बघत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "त्या दिवशी मी त्या वाटेने जायला नको होतं, अम्मा."

तेच वाक्य. ज्याखाली मी रेघ मारली होती तेच. पश्चात्ताप कसला, तो वाटेला दोष देत होता. ते इतक्या वर्षांनी मला ऐकू आलं.

तीन महिने आम्ही त्या एका दुपारभोवती फिरत राहिलो. तो म्हणायचा, राळ संपली म्हणून निघालो. मी विचारायची, राळेचं दुकान बाजारात, मग इन्नंबूरच्या वाटेला कसे लागलात? तो म्हणायचा, ऊन होतं, झाडी बघून वळलो. मी विचारायची, परत जाताना ऊन कमी होणार होतं का? तो चिडला नाही. पुढच्या मंगळवारी पुन्हा यायचा. चौथ्या महिन्यात एकदा, मी काही विचारण्याआधीच म्हणाला, "झाडाखाली थांबलो होतो."

"कितीदा?"

"त्या दिवसाच्या आधी आठ दिवस. रोज. ती चौघींबरोबर जायची. नवव्या दिवशी एकटी होती."

खोलीत पंख्याचा आवाज चालू होता. शिकताना मला वाटायचं, माणूस असा खरं बोलला की आपल्याला यश मिळाल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. मी बाहेर जाऊन तोंड धुतलं, परत येऊन बसले आणि विचारलं, "त्या आठ दिवसांत परत जाऊन काय करत होतात?"

"लक्ष्मीची मूर्ती चालू होती," तो म्हणाला आणि रडायला लागला. ते रडणं पार्वतीसाठी होतं की स्वतःसाठी, ते मला कळलं नाही. त्या दिवशीच्या नोंदीत मी तसंच लिहिलं.

पुढे बरंच काम झालं. दुपारी सायकलवर बाहेर पडायचं नाही, हा त्याने स्वतःच घातलेला नियम. राळ आणायला कारखान्यातला दुसरा माणूस जायचा. मनात काही आलं की मंगळवारची वाट न बघता यायचं, असं ठरलं होतं. आणि तो तसा तीनदा आला. घामाघूम होऊन बाकावर बसायचा आणि म्हणायचा, "आज नीट नाही, अम्मा. इथेच बसू दे." मी बसू द्यायची. एकदा त्याने विचारलं, "मी बरा झालो का?" मी म्हटलं, "ते सांगणारी चाचणी माझ्याकडे नाही." तो म्हणाला, "मग येत राहतो."

सहा वर्षं येत राहिला. कोणाचं काही कानावर आलं नाही. आलं नाही म्हणजे घडलं नाही असं नव्हे, हेही मला तोवर पुरतं कळलेलं होतं. रस्त्याने जाताना शेतमजूर बायांचा घोळका दिसला की मी त्या मोजायची. सगळ्या बरोबर आहेत ना, मागे कोणी एकटी राहिली आहे का. ही सवय अजून आहे.

एका मंगळवारी तो आला नाही. साडेनऊ वाजले, दहा वाजले. तो उशीर करणारा माणूस नव्हता. पुढच्या रुग्णाला बसायला सांगून मी चपला घातल्या आणि स्वामीमलैची बस पकडली. बस जेमतेम अर्ध्या तासाची. खिडकीतून मी शेतं बघत होते. कापणी चालू होती. कुठे माणसं जमलेली दिसतात का, कुठे पोलिसांची जीप दिसते का, एवढंच बघत होते.

त्याच्या गल्लीच्या तोंडाशी माणसं जमली होती. कारखान्याचा मुकादम मला ओळखत होता. तो पुढे आला आणि म्हणाला, "सकाळी मेण वितळवता वितळवता कोसळला, अम्मा. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं."

मी विचारलं, "आणि दुसरं कुणी? गावात कुणाला काही...?"

मुकादमाला प्रश्न समजला नाही. दाराशी शिवकामी बसली होती. तिने ऐकलं होतं. तिने खांद्यावरचा पदर सारखा केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही अम्मा. कुणालाच काही झालं नाही."

"बरं," मी म्हणाले. आत तिच्या नवऱ्याचं प्रेत होतं आणि माझ्या तोंडून 'बरं' निघालं. तिने बाजूला सरकून चटईवर मला जागा करून दिली.